रेव्हरंड फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची लोकसेवा



ह्या ज्युबिलीच्या मंगल दिवशीं आम्ही आपल्या धर्मगुरूंचें ऋण मान्य करीत आहों. तें करतांना खाडीपलीकडील एका थोर धर्मगुरूंचेंही स्मरण करावें, असें आम्हांस वाटतें. भाईंदरच्या मिठागरांत राबणारा मजूर, उत्तनचा कोळी आणि वसईचा वाडीवाला हीं एकाच किनाऱ्याचीं लेकरें आहेत. त्यांचीं दुःखें निराळीं नाहींत.

फादर दिब्रिटो ह्यांचा जन्म ४ डिसेंबर १९४२ रोजीं वसई तालुक्यांतील नंदाखाल येथें झाला. सन १९७२ मध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. सन १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनीं ‘सुवार्ता’ मासिकाची धुरा वाहिली आणि तें देवळाच्या आवारापलीकडील मराठी वाचकांच्या घरीं नेलें.

परंतु खरी कसोटी १९८८ च्या सुमारास लागली. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामांचें संकट आलें. विहिरींचें गोडें पाणी टँकरांनीं उपसलें जाऊं लागलें. अशा वेळीं धर्मगुरूनें मिस्सा करावी, आशीर्वाद द्यावा व स्वस्थ असावें, असें म्हणणें सोपें होतें. फादरांनीं तो सोपा मार्ग सोडिला. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळींत ते अग्रभागीं उभे राहिले आणि नाना धर्मांच्या लोकांस त्यांनीं साद घातली. शेत गेलें आणि विहीर खारी झाली, तर प्रवचन ऐकावयास गांव तरी कोठें उरणार?

त्यांच्या लेखणीची सेवाही लहान नव्हे. ‘सुबोध बायबल’ रचून त्यांनीं पवित्र वचन आजच्या मराठींत आणिलें. त्या कार्यास साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार लाभला. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान प्रथमच मिळाला होता. कांहींनीं विरोध केला, प्रकृतीही साथ देत नव्हती. तरी ते गेले आणि निर्भयपणें बोलले. २५ जुलै २०२४ रोजीं ते प्रभुचरणीं विसावले.

आमच्याही गांवांभोंवतीं आज उंच इमारतींची दाटी झाली आहे. म्हणून धर्मगुरूंचा गौरव हारतुऱ्यांनीं पुरा होत नाहीं. ते गांवासाठीं उभे राहतील त्या दिवशीं आम्ही त्यांच्या पाठीशीं असलें पाहिजे. प्रभु फादरांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आमच्या धर्मगुरूंस आयुरारोग्य देवो आणि आम्हांस धैर्य देवो. आमेन.