सीमा ओलांडणारा माणूस आणि त्याचे हक्क



स्थलांतराविषयी बोलण्यासाठी भिलाईहून अधिक योग्य जागा क्वचितच सापडेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. ज्या खेड्यांच्या जमिनीवर हे नगर वसले, त्या छत्तीसगढी माणसांच्या शेजारी विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, बंगालमधून, पंजाबातून आणि बिहारमधून आलेली कुटुंबे राहू लागली. ही माणसे परक्या मुलखात आली खरी, पण हक्कांच्या बाबतीत परकी झाली नाहीत. देशात कोठेही जाण्याचा आणि वसण्याचा अधिकार राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने त्यांना दिलेला होता. सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेद करता येणार नाही, असे १६ वा अनुच्छेद सांगत होता.

आजच्या विषयाचा गाभा या अनुभवातच आहे. माणूस कामासाठी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हा त्याचे हक्क त्याच्याबरोबर जातात, की सीमेवरच राहतात? एका देशापुरते याचे उत्तर राज्यघटना देते. देश बदलला की उत्तर शेजारी राष्ट्रांच्या परस्पर सहकार्यावर अवलंबून राहते. या सहकार्याचा सर्वांत बोलका अनुभव अरब देशांच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे आणि लाखो भारतीय कुटुंबांचे भवितव्य त्याच्याशी जोडलेले आहे.

अरब जगाशी मराठी मुलखाचा संबंध तेलाच्या आधीपासूनचा आहे. मुंबई बंदर आणि आखाताची बंदरे यांच्यात गलबतांची ये-जा शतकानुशतके चालू होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आखातातील अनेक बाजारपेठांत भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तेथील व्यवहारासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन आणले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीतील राज्यांनीही रुपया सोडला. रुपया परतला आणि थोड्याच वर्षांत भारतीय माणूस तेथे मोठ्या संख्येने जाऊ लागला. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक गावांत पक्की घरे उभी राहिली ती आखातातून येणाऱ्या पैशावर. आज आखातातील सहा देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. दुबई, कुवेत, बहारीन, मस्कत येथे मराठी मंडळे गणेशोत्सव साजरा करतात.

परंतु तेलाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या देशांत सुरुवातीला बहुसंख्य परदेशी कामगार अरबच होते. येमेनी, इजिप्शियन, पॅलेस्टिनी, जॉर्डेनियन, सुदानी अशा माणसांनी तेथील शाळा, रुग्णालये, रस्ते आणि सरकारी कचेऱ्या चालवल्या. भाषा एक, इतिहासाची आठवण एक. मग कामगारांची ये-जा मोकळी असावी ही अपेक्षा स्वाभाविकच होती. अरब लीगची स्थापना २२ मार्च १९४५ रोजी कैरोत झाली. १९५७ च्या अरब आर्थिक ऐक्य कराराने माणसांच्या संचाराचे, निवासाचे आणि रोजगाराचे स्वातंत्र्य मान्य केले. १९६५ मध्ये कॅसाब्लांका येथे पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वागणुकीविषयीचा मसुदा मंजूर झाला; त्यात पॅलेस्टिनींना यजमान देशाच्या नागरिकांप्रमाणे काम करण्याचा हक्क देण्याचे वचन होते. अरब कामगार संघटनेने १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७५ मध्ये कामगारांच्या संचाराविषयी स्वतंत्र करार तयार केले. त्यात परदेशी कामगार घेताना अरब कामगारांना प्राधान्य देण्याचे तत्त्व होते. कागदावर पाहिले तर त्या काळी इतकी उदार व्यवस्था जगात फार थोड्या प्रदेशांत होती.

या व्यवस्थेत एक उणीव होती. वचन मोडले तर दाद कोठे मागायची, हे कोणत्याही कराराने ठरवले नव्हते. ज्याच्या विरुद्ध तक्रार तोच देश तिचा निवाडा करणार होता. शिवाय परदेशी कामगार तेथे राहत होता तो कफाला पद्धतीने. या पद्धतीत स्थानिक मालक किंवा हमीदार, म्हणजे कफील, कामगाराच्या वास्तव्याची जबाबदारी घेतो आणि कामगाराचा परवाना त्याच्याशी बांधला जातो. नोकरी बदलायची तर कफीलाची संमती हवी. अनेक देशांत मायदेशी परतण्यासाठीही ती लागत असे. प्रादेशिक करार मोकळ्या संचाराची भाषा बोलत होते आणि देशांतर्गत कायदा कामगाराला एका माणसाशी जखडून ठेवत होता.

सरकारांचे आपसात बिनसले की ही उणीव उघडी पडत असे. १९८५ मध्ये लिबियाने ट्युनिशियाच्या सुमारे तीस हजार कामगारांना बाहेर काढले. त्याहून मोठा आघात पाच वर्षांनी झाला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले. येमेनने इराकविरोधी आघाडीला साथ दिली नाही. येमेनी माणसांना सौदी अरेबियात कफीलाशिवाय राहता येत असे; ती सवलत सप्टेंबर १९९० मध्ये काढून घेण्यात आली. सुमारे सात ते आठ लाख येमेनी काही महिन्यांत मायदेशी परतले. त्यांतील कित्येकांचा जन्मही सौदी अरेबियातला होता. कुवेतमध्ये युद्धापूर्वी जवळजवळ चार लाख पॅलेस्टिनी होते. युद्धानंतर त्यांतले फार थोडे उरले. ज्या शिक्षकांनी कुवेतच्या दोन पिढ्या शिकवल्या, त्यांनाही आपल्या नेत्यांच्या भूमिकेची किंमत मोजावी लागली. १९९१ मध्ये अरब लीगने कॅसाब्लांका मसुद्यातील वचने प्रत्येक देशाच्या अंतर्गत कायद्याच्या अधीन केली. अडचणीच्या दिवसासाठी केलेला करार अडचणीच्याच दिवशी मागे घेतला गेला.

त्याच दिवसांत कुवेत आणि इराकमध्ये अडकलेले भारतीय वाळवंट ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचत होते. एअर इंडियाने लागोपाठ उड्डाणे करून तेथून एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. नागरी विमानसेवेच्या इतिहासातील ही एक मोठी कामगिरी ठरली. मात्र विमानाने माणूस परत आला, त्याची थकलेली मजुरी आणि तेथील बचत आली नाही. नुकसानभरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांना वेगळा आयोग नेमावा लागला आणि ते काम पुढे अनेक वर्षे चालले.

अरब देशांत काहीच यशस्वी झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २५ मे १९८१ रोजी सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान यांनी आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. या सहा देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे केवळ ओळखपत्रावर जाता येते, नोकरी करता येते, मालमत्ता घेता येते. २००६ पासून तर एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात काम करीत असला, तरी त्याचे निवृत्तिवेतन मायदेशाच्या योजनेत चालू राहते. मालकाला त्याचा हप्ता भरावाच लागतो. हक्क माणसाबरोबर प्रवास करतो, याचे हे खरे उदाहरण होय. येथे नुसते तत्त्व नाही. हप्ता कोणी भरायचा, कोठे भरायचा, न भरल्यास काय, हे ठरलेले आहे. तरीही जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती आणि बहारीन यांनी कतारशी संबंध तोडले आणि कतारी नागरिकांना चौदा दिवसांत देश सोडण्यास सांगितले. दोन देशांत विवाहसंबंध असलेली कुटुंबे दुभंगली. जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला. उत्तम सहकार्यालाही राजकारणाची झळ लागते, हे त्यातून दिसले.

या परिषदेचे लाभ नागरिकांपुरते आहेत. या सहा देशांच्या एकूण लोकसंख्येत परदेशी माणसे निम्म्याहून अधिक आहेत. कतार आणि अमिरातीत तर दहांतील जवळपास नऊ माणसे परदेशी आहेत. १९७३ नंतर तेलाचे दर चढले आणि बांधकामे वाढली, तेव्हा आशियाई कामगार मोठ्या संख्येने येऊ लागले. ते कमी मजुरीवर, ठरावीक मुदतीसाठी येत आणि मुदत संपताच परत जात. अरब कामगारांविषयी वाटणारी राजकीय भीती त्यांच्याविषयी नव्हती. १९९० नंतर हा कल पक्का झाला. येमेनी माणसाची रिकामी झालेली जागा पुष्कळदा भारतीय, बांगलादेशी किंवा फिलिपिनो माणसाने घेतली. एकाच्या आपत्तीवर दुसऱ्याची नोकरी उभी राहिली, ही या कथेतील अवघड बाजू आहे.

त्यामुळे आता प्रश्न आशियाई देशांच्या आपसातील सहकार्याचा झाला. २००३ मध्ये कामगार पाठवणाऱ्या देशांनी कोलंबोत एकत्र बसण्यास सुरुवात केली. ‘कोलंबो प्रक्रिया’ या नावाने ते व्यासपीठ ओळखले जाते आणि २०२४ मध्ये त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले. २००८ मध्ये ‘अबुधाबी संवाद’ सुरू झाला. त्यात पाठवणारे आणि घेणारे दोन्ही देश आहेत. या मंचांचे ठराव बंधनकारक नाहीत. पाठवणारे देश चर्चेला एकत्र बसतात आणि बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. इंडोनेशियाने २०१५ मध्ये अरब देशांत घरकामगार पाठवणे थांबवले, तर दलाल पूर्व आफ्रिकेकडे वळले. २०२० मध्ये भारताने आखातातील कामगारांसाठी शिफारस केलेले किमान वेतन कमी केले. नोकऱ्या हातच्या जाऊ नयेत, हा त्यामागील विचार होता. टीका झाल्यावर दुसऱ्या वर्षी ते पूर्ववत करण्यात आले. शेजारी देशांनी एकच किमान दर धरून ठेवला असता, तर ही वेळ आली नसती. उलट फिलिपिन्सने २०१८ मध्ये कुवेतला कामगार पाठवणे थांबवून काही महिन्यांतच घरकामगारांच्या संरक्षणाचा करार मिळवला. निर्धार असेल, तर एक देशही काही पदरात पाडून घेऊ शकतो. अनेकांनी एकत्र निर्धार केला, तर अधिक मिळू शकेल.

काही बदल झालेही आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना हरकत पत्र रद्द केले आणि मार्च २०२१ पासून सर्व कामगारांसाठी किमान वेतन लागू केले. सौदी अरेबियाने त्याच महिन्यात अनेक कामगारांना मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. घरकामगार मात्र त्यातून वगळले गेले. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार इजिप्त आणि मोरोक्को यांनी स्वीकारला आहे; आखाती परिषदेच्या सहांपैकी एकाही देशाने तो स्वीकारलेला नाही. भारतही त्यात सहभागी नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

राष्ट्रांचे सहकार्य पुरे होईपर्यंत जाणाऱ्या माणसाने थांबून चालत नाही. त्याच्या हाती जे आहे, ते त्याला ठाऊक असले पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. दहावीचे प्रमाणपत्र मिळाले की पासपोर्टवरची ही अट सुटते. एका शालान्त परीक्षेचे मोल एवढे मोठे असते. पण अट सुटते तेव्हा तपासणीही सुटते, म्हणून सुशिक्षितानेही नोंदणीकृत भरती एजंटाकडूनच जावे. एजंटाला कामगाराकडून घेता येणारे शुल्क कर वगळता तीस हजार रुपयांहून अधिक असू शकत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. पर्यटन व्हिसावर नोकरीसाठी गेलेला माणूस या संरक्षणाबाहेर पडतो. कराराची प्रत घरी ठेवणे ही साधी गोष्ट आहे. संकटात सापडलेल्या माणसासाठी दूतावासाचे दार ठोठावताना कुटुंबाला तीच उपयोगी पडते.

अरब देशांचा हा अनुभव दूरचा मानण्याचे कारण नाही. छत्तीसगडमधील हजारो कुटुंबे दरवर्षी वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर परराज्यांत जातात. त्यांच्यासाठी १९७९ चा आंतरराज्यीय स्थलांतरित कामगार कायदा होता. २०२० च्या टाळेबंदीत तो त्यांच्या कामी आला नाही. माणूस हैदराबादला आणि त्याचे रेशन गावी, अशी स्थिती होती. देशातील कोणत्याही दुकानात एकच शिधापत्रिका चालावी ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली, तेव्हा निदान धान्याचा हक्क माणसाबरोबर चालू लागला. कॅसाब्लांकाचे उदार वचन आणि रेशन दुकानातील छोटे यंत्र यांच्यात उपाशी माणसाला यंत्र अधिक जवळचे असते.

वचनाला व्यवस्थेची जोड मिळाली की काय घडते, याचा एक पुरावा भिलाईत नित्य डोळ्यांसमोर आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ‘३५० क’ हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे तो राज्यांना सांगतो. हिंदीभाषक प्रदेशात साठ वर्षे मराठीतून चाललेली शाळा म्हणजे भाषेचा हक्क माणसाबरोबर प्रवास करून आल्याची खूण आहे. तो हक्क घटनेने दिला आणि शिक्षकांनी, पालकांनी व दात्यांनी वर्षानुवर्षे चालवला. या वर्गांतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणी मस्कतला, कोणी दोह्याला, कोणी पुण्याला असतील. आणि कोणी दुसऱ्या देशातून वा राज्यातून आलेल्या कामगारांना कामावर ठेवणारेही असतील. त्या कामगाराच्या हातात कराराची प्रत, वेळेवर मजुरी आणि परत जाण्याची मोकळीक असावी, एवढे त्यांनी पाहिले, तर या शाळेने मिळवलेला हक्क आणखी एका माणसापर्यंत पोहोचेल.