दात पाहून घेतलेला लॅपटॉप

आमच्या अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं, चांदूर रेल्वे. नावातच रेल्वे असल्यामुळे इथल्या पोरांचं कॉलेज गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेलं. मालखेड, टिमटाळा मागे पडलं की बडनेरा आणि तिथून अमरावती. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. याला आमच्याकडे 'अप-डाऊन' म्हणतात. 'काय करतेस गं?' असं विचारलं तर 'अप-डाऊन करते' असं उत्तर देणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

बोलायचं आहे लॅपटॉपविषयी आणि मी गाडीपासून सुरुवात केली, याला कारण आहे. घरातला पहिला लॅपटॉप मी ही गाडी विसरून घेतला होता.

२०१८ साली माझी मुलगी पदवीला गेली. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तेव्हा आकडे पाहून वस्तू घेणं मला जमतं अशी माझी समजूत. दुकानदाराने आकडे दाखवले, आणि सगळे मोठेच दाखवले. पडदा साडेपंधरा इंचांचा, हार्ड डिस्क एक टेराबाइटची, शिवाय खेळांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड. रॅम मात्र चार जीबी. तो आकडा त्याने दाखवला नाही आणि मीही विचारला नाही. अडतीस हजार मोजले. चार्जर धरून वजन भरलं जवळजवळ पावणेतीन किलो.

पंधरा दिवसांनी मुलगी म्हणाली, "बाबा, हे रोज उचलू का मी? यात माहा डबा कुठं ठेवू?" बॅटरी जेमतेम दीड तास चालायची आणि वर्गातलं सॉकेट खिडकीजवळच्या एकाच बाकाला. चालू केल्यावर तो उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. शेवटी लॅपटॉप घरी राहिला आणि मुलगी प्रकल्प टाइप करायला सायबर कॅफेत जाऊ लागली. अडतीस हजार रुपये टेबलावर आणि पानामागे दहा रुपये वेगळे!

म्हणून २०२५ च्या ऑगस्टात धाकट्या भावाच्या मुलीचा प्रवेश झाला, तेव्हा मी आधी गप्पच बसलो. भाऊ शेतकरी. कॉलेज नेमकं सुरू होतं ते शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो तेव्हा. बियाणं, खत, निंदण यात सगळा गेलेला, आणि सोयाबीनचा पैसा दसऱ्यानंतर. भाऊ म्हणाला, "दादा, पंचवीसच्या वर एक रुपया निघत नाही. अजून फवारणी बाकी हाय." पंचवीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, नाही असं नाही. पण त्या किमतीचे जे दोन-तीन पाहिले त्यांत प्रोसेसर अगदी दुबळा आणि रॅम पाटीवरच डाग देऊन बसवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि यंत्र दुसऱ्याच वर्षी धापा टाकणार.

तेव्हा वापरलेला घ्यायचा ठरला. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते तपासून, साफ करून पुन्हा विकले जातात. हे यंत्र मुळात महागातलं असतं. बिजागऱ्या भक्कम, कीबोर्ड टिकाऊ आणि वजन दीड किलोच्या आसपास. नागपूरला सीताबर्डीत अशी दुकानं आहेत. भाऊ सोबत आला, त्याचाच पैसा होता.

दुकानात पहिलाच लॅपटॉप पुढे आला. "आय-सेव्हन आहे साहेब, सगळ्यात वरचा." मी नंबर पाहिला, तर तो निघाला ४६०० ने सुरू होणारा. इथे मला भावाला समजवावं लागलं. इंटेलच्या प्रोसेसरवर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन लिहिलेलं असतं, ती झाली जात. त्यापुढच्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी. ४६०० म्हणजे चौथी पिढी, २०१३ ची. ८२५० म्हणजे आठवी, आणि पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे. १०२१० म्हणजे दहावी. चौथ्या पिढीच्या या आय-सेव्हनमध्ये दोन गाभे, तर आठव्या पिढीच्या ८२५० या आय-फाइव्हमध्ये चार. भाऊ हसला. "म्हणजे बैलाचे दात पाहाचे. दुकानदार शिंगं दाखवते, आपण जबडा उघडाचा." मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण असं उदाहरण मला सुचलं नसतं.

पिढीला आणखी एक महत्त्व होतं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता, म्हणजे आमच्या खरेदीनंतर दोनच महिन्यांत. विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. बाजारात स्वस्त झालेले पुष्कळ लॅपटॉप या रेषेच्या अलीकडचे. त्यांवर लिनक्स उत्तम चालतं, फुकट मिळतं, आणि लिब्रे ऑफिसमध्ये मराठी टायपिंगही होतं. पण कॉलेजात सगळे विंडोजवर असताना पहिल्याच वर्षी पोरीला वेगळ्या वाटेने धाडायला मी धजलो नाही.

मग बॅटरी. वापरलेल्या यंत्रात खरी मेख इथे असते. "पाच तास चालते" हे तोंडाने सांगितलेलं धरू नये. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही लिहिलेल्या असतात. आमच्या यंत्राची मूळ ४८ वॉट-अवर, उरलेली ४०. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला आठेक वॉट लागतात. चाळीसला आठने भागा, पाच तास. पाचवीचं गणित आहे, पण २०१८ मध्ये मी ते केलं नव्हतं.

विद्यार्थ्याच्या संगणकात काय महत्त्वाचं, हा प्रश्न काही आजचा नाही. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. शंभर डॉलरचा म्हणून गाजला, प्रत्यक्षात किंमत दुपटीच्या जवळ गेली. पण बनवणाऱ्यांनी वीज कमी खाणारं यंत्र, उन्हात दिसणारा पडदा आणि धूळ न शिरणारा कीबोर्ड यांवर डोकं खर्च केलं होतं. उलट ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते आलेला 'आकाश' टॅब्लेट किमतीसाठीच गाजला. त्याची रॅम २५६ एमबी आणि पडदा बोट दाबून चालवायचा. विद्यार्थ्यांच्या हाती तो फार टिकला नाही.

दुकानात आम्ही दोन तास काढले. पुतणीने कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून पाहिली, कॅमेरा, माइक, वायफाय पाहिलं. पडदा पूर्ण पांढरा करून काळे ठिपके शोधले. सुरुवातीलाच आतला पासवर्ड मागतो का तेही पाहिलं, कारण जुन्या मालकाचं कुलूप राहून गेलेलं असेल तर पुढे कुणीच उघडून देत नाही. हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी, असा तिचा हट्ट होता, आणि तो बरोबर होता. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते, गाडीतल्या धक्क्यांशी तिचं जमत नाही. २५६ जीबी पुरते का, असं दुकानदाराने विचारलं. पुतणी म्हणाली, "सिनेमे मोबाईलवर पाहीन."

चौदा इंची पडदा, दहावी पिढी, आठ जीबी रॅम आणि एक खाच रिकामी. सहा महिन्यांची हमी पक्क्या बिलावर लिहून घेतली. साडेबावीस हजार झाले. उरलेल्या अडीच हजारांत रिकाम्या खाचेत रॅम बसवावी असं माझं मत होतं. भावाने ते पैसे खिशात ठेवले. "फवारणीचं औषध," एवढंच म्हणाला. रॅम सोयाबीन विकल्यावर आली.

पहिल्या दिवशी पुतणी सकाळच्या गाडीने गेली आणि चार्जर घरीच विसरला. मी दिवसभर घड्याळ पाहत होतो. संध्याकाळी ती घरी आली आणि पिशवीतून आधी डबा काढला, मग लॅपटॉप. "मोठे बाबा, अठरा टक्के उरली."