दुखणं जुनं होतं तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की मी ठेवी, व्याजदर, वारसनोंद यावर बोलेन. मी म्हणालो, मी दुखण्यावर बोलतो. ते म्हणाले, "काका, तुम्ही डॉक्टर कुठे?" खरं आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस, आयुष्य बँकेच्या खुर्चीवर गेलं. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा तिसऱ्या मजल्याचे फ्लॅट आधी गेले होते, वारा चांगला येतो म्हणून. आज तीच मंडळी प्रत्येक वळणावर पिशवी खाली ठेवून थांबतात. संध्याकाळी बाकावर पाऊसपाण्यापेक्षा गुडघ्यांच्याच गोष्टी जास्त होतात. तेव्हा जे भोगलं, पाहिलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं, तेवढंच सांगतो.

माझं गाव साखरा, सेनगाव तालुक्यातलं. आमची माय दिवसभर रानात. खुरपणी असो, ज्वारीची काढणी असो, सगळी कामं कमरेत वाकून. संध्याकाळी चुलीपुढे बसताना ती एक हात जमिनीला टेकायची, मग हळूहळू खाली यायची. रुईचं पान तापवून बांधलं, निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, शेवटी बिब्ब्याचे चटकेही झाले. आम्ही पोरं म्हणायचो, मायचं रोजचंच आहे. घरातली मोठी माणसं म्हणायची, काम नको असलं की बाईचं अंग दुखतं. तिला कोणी दवाखान्यात नेलं नाही. मीही नेलं नाही, आणि तोपर्यंत मला बँकेत नोकरी लागलेली होती.

हे दुखणं कुठून येतं? डॉक्टर साधारण तीन महिन्यांची रेघ ओढतात. बोट पोळलं की दुखतं, जखम भरली की थांबतं. हे दुखणं आपल्या भल्याचं. तीन महिन्यांच्या पुढे टिकलं किंवा पुन्हापुन्हा येत राहिलं, तर ते जुनाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत जुनाट वेदनेला स्वतःचं स्थान मिळालं आहे. म्हणजे ती दुसऱ्या आजाराची नुसती खूण नसते, कधीकधी तोच आजार असतो.

हे मला कसं पटलं ते सांगतो. आमच्या एका शाखेत एकदा रात्री भोंगा वाजायला लागला. धावत गेलो, पोलीस आले, तिजोरी जशीच्या तशी. पावसाचं पाणी वायरीत गेलं होतं. पुढे आठवडाभर कुणी दार जरा जोरात लावलं तरी भोंगा सुरू. चोर नव्हता, पण आवाज तर साऱ्या गल्लीने ऐकला. मज्जातंतू आणि मणक्यातली मज्जारज्जू यांचंही असं होतं. फार दिवस दुखत राहिलं की ती जास्त संवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही मोठा संदेश मेंदूकडे पाठवतात. म्हणून "रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे दुखत नाही" हे चूक. आणि याच्या उलटही खरं आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्यांचा एकत्र अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यातल्या चकतीची झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत. तेव्हा एम.आर.आय.च्या कागदावर 'झीज' वाचून घाबरून जाऊ नका. केस पांढरे होतात तसं ते बरंचसं वयाचं असतं.

आता अक्काचं सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, साखऱ्यातच दिलेली. २००६ साल तुम्हाला आठवत असेल. मराठवाड्यात चिकुनगुन्या आला होता. त्या वर्षी देशात तेरा लाखांच्या वर संशयित रुग्ण नोंदले गेले. आपल्याला तो आजार नवा वाटला, पण १९७३ साली बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती. हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे. टांझानियात १९५२ साली साथ आली तेव्हा सांधेदुखीने माणसं वाकून चालायची, त्यावरून हे नाव पडलं. साखऱ्यातही तेच चित्र होतं. धडधाकट गडी भिंत धरून मोरीपर्यंत जायचे.

बहुतेकांचा ताप आठवड्यात उतरतो, सांधे काही आठवड्यांत मोकळे होतात. पण काहींचे सांधे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं धरलेले राहतात. अक्का त्यातली. सकाळी तिची मूठ मिटायची नाही, भाकरी थापता यायची नाही. कुणीतरी सांगितलं, अमुक ठिकाणी एक जण पुडी देतो, तीन दिवसांत माणूस पळायला लागतो. मीच तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेलो. कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या होत्या, नाव नाही, गाव नाही. चौथ्या दिवशी अक्का भाकऱ्या थापत होती! मी त्या माणसाची इतकी तारीफ केली की आपल्या सोसायटीतल्याही दोघांना तिकडे पाठवलं. त्यांची आज मी जाहीर माफी मागतो.

दीड वर्ष ती पुडी चालली. अक्काचा चेहरा भरला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. तो चंद्रासारखा गोल चेहरा म्हणजे सूज होती हे आम्हाला कुठे कळत होतं? पुढे साखर वाढली. मग एकदा तो पुडीवाला पंधरा दिवस परगावी गेला आणि पुडी एकदम बंद पडली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्काला उठवेना, उलट्या, रक्तदाब खाली. नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चेहरा पाहूनच विचारलं, "किती दिवस स्टेरॉइड घेताय?" आम्ही म्हणालो, आम्ही तर घेतच नाही.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. दम्यात, काही प्रकारच्या संधिवातात ते माणसाला तारतं. पण ते मोजून, तपासून, लिहून द्यायचं औषध आहे. फार दिवस घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड करणं कमी करतं, हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. आणि फार दिवस घेतलेलं एकदम बंद केलं तर जिवावर बेततं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवत न्यावं लागतं. माझं ऐकून घरी जाऊन कुणी पुडी फेकून देऊ नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. अक्का वाचली, पण पुढच्या वर्षी घागर उचलताना तिच्या पाठीचा मणका दबला. ती आता वाकूनच चालते.

बहिणीच्या बाबतीत एवढं झाल्यावर मी तरी शहाणा व्हावं! निवृत्तीनंतर माझी कंबर धरली. औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकची पट्टी आणायची, सकाळ-संध्याकाळ एकेक. दुकानदारालाही पाठ झालं होतं, मला पाहिलं की पट्टी काढून ठेवायचा. तीन वर्षांनी सहज रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.९. गोळी बंद केली, हळूहळू आकडा १.४ वर आला, त्याखाली गेला नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. लहानपणी साखऱ्याच्या शिवारात मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची. आजच्या पोरांनी ती पाहिलीच नाहीत. गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, आणि त्या गुरांचं मांस खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड बंद पडायचे. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस काही गिधाडाइतका नाजूक नाही. डॉक्टरने सांगितलेले चार-आठ दिवस ही गोळी बहुतेकांना चालते. पण वय झालेलं, बी.पी., शुगर, मूत्रपिंडाची तक्रार किंवा पोटात अल्सर असेल त्याने स्वतःच्या मनाने घेऊ नये. गुडघ्याला त्याच औषधाचा मलम लावला तर रक्तात फार कमी जातं, हे मला फार उशिरा कळलं.

मग उपाय काय? आधी कारण शोधायचं, कारण दुखणं एका जातीचं नसतं. गुडघ्याची झीज वेगळी. सकाळी तासभर बोटं आखडणारा आमवात वेगळा, त्याला लवकर खास औषधं सुरू केली तर सांधे वाचतात. शुगरमुळे तळपायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावर राहिलेली जळजळ ही मज्जातंतूंची दुखणी. त्यांच्यावर साधी वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही, अमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगाबालिनसारखी औषधं देतात. खोक्यातला कागद वाचून लोक घाबरतात, "मला फिटची गोळी का दिली? मला वेड लागलंय का?" आणि बंद करतात. तसं नाही, तीच औषधं मज्जातंतूंचा भोंगा खाली आणतात. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

बाकी गुडघा आणि कंबर यांना हालचालीसारखं औषध नाही, आणि हेच कुणाला ऐकायचं नसतं. दुखतं म्हणून बसायचं, बसलं की स्नायू बारीक होतात, मग आणखी दुखतं. मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजायला शिकवलं. पहिले पंधरा दिवस मी मनातून त्यांना शिव्या दिल्या. दीड महिन्याने दूध आणायला मीच जायला लागलो. वजनाचंही ऐका. शरीराचं वजन एक किलो उतरलं तर चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला जवळपास चार किलोंनी हलका होतो. झोप आणि मन यांचाही वाटा आहे. रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवशी कंबर दुप्पट बोलते. गुडघा अगदीच गेला असेल तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे, आपल्याकडे तीन जणांनी करून घेतली आहे. शेजाऱ्याने केली म्हणून मात्र करू नका.

बँकेची सवय म्हणून मी एक वही ठेवली. रोज शून्य ते दहापैकी दुखणं किती, झोप किती, चाललो किती. डॉक्टरांना ती वही माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

कार्यकारिणीला दोन विनंत्या. लिफ्टचा ठराव सहा वर्षं पुढे ढकलला जातोय, तो व्हायचा तेव्हा होवो. तोपर्यंत जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा लावा आणि प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवा. दुसरं, गच्चीवरच्या दोन टाक्यांची झाकणं मोडलेली आहेत. चिकुनगुन्याचा डास दिवसा चावतो आणि अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलरही आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावेत.

मागच्या महिन्यात साखऱ्याला गेलो होतो. अक्का ऐंशीच्या पुढे गेली आहे, काठी घेऊन पारापर्यंत जाऊन येते. मी म्हणालो, अक्का, दुखण्यावर भाषण करायचंय, तुझं सांगू का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं नाव नको घेऊ बाबा, लेकरांना बरं वाटणार नाही. पुडीचं सांग पण." मी निघालो तेव्हा तिने विचारलं, "मायचीबी कंबर अशीच व्हती का रं?" मला उत्तर देता आलं नाही.