घरात गाडी घुसली, तर पैसे कोणाकडे मागायचे?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्यातल्याच एका विधी स्वयंसेवक ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच छापलं आहे.)

मागे बसलेल्या काकूंनो, तुम्ही पण जरा पुढे या, माझा आवाज तिथवर पोचायचा नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणींची घरं रस्त्याला लागून आहेत. पूर्वी रस्ता जवळ म्हणजे सोय होती. आता रुंदीकरण झालं आणि काही ठिकाणी रस्ता वर, घर खाली अशी गत झाली. हातखंब्याचा उतार घ्या, नाहीतर परशुराम घाट घ्या. जून २०२५ मध्ये निवळीजवळ बावनदीला टँकर आणि शिक्षकांना घेऊन निघालेली मिनी बस यांचा अपघात झाला, गॅस गळून आग लागली आणि बाजूच्या घराला झळ बसली, हे आपण सगळ्यांनी ऐकलं. त्या घराचा अपघाताशी संबंध काय? रस्त्याकडेला उभं होतं, एवढाच.

आपल्याला सवय आहे ती वादळाची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात कौलं-पत्रे उडाले, तलाठी आले, पंचनामे झाले, सरकारची मदत आली. कमी आली, उशिरा आली, पण आली. त्यामुळे डोक्यात बसलंय की घर पडलं की तलाठ्याकडे जायचं. गाडी घुसली तर तसं नाही. ती नैसर्गिक आपत्ती नव्हे. हे पैसे द्यायचे असतात त्या गाडीच्या मालकाने, आणि त्याच्या वतीने गाडीच्या विमा कंपनीने. आणि ते मिळणार की नाही हे बरंचसं पहिल्या दोन दिवसांत आपण काय करतो त्यावर ठरतं. आज मला मुख्य तेच सांगायचंय.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला निदान 'थर्ड पार्टी' विमा असलाच पाहिजे, असं त्यात आहे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. गाडीवाला एक, विमा कंपनी दुसरी, आणि ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. म्हणजे आपण. बायांना वाटतं हा विमा फक्त माणूस मेला किंवा जखमी झाला तरच. नाही. तिसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही त्यात येतं. घर, पडवी, गोठा, दुकान, गडगा, सगळं. चारचाकी आणि ट्रक-टेम्पोच्या नेहमीच्या पॉलिसीत अशा नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत असते, दुचाकीला एक लाख. पण काही मालक हप्त्यात थोडे पैसे वाचवायला ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. मग वरची रक्कम मालकाच्या खिशातून मागावी लागते. म्हणून पॉलिसीची प्रत बघायची, नुसतं 'विमा आहे' यावर समाधान मानायचं नाही.

आता समजा, रात्री पिकअप तुमच्या पडवीत शिरली. पहिलं माणसं बाहेर. जखमींसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मेन स्विच बंद करायला जाता येत असेल तरच जा, वायर तुटून लोंबत असेल तर हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. सिलिंडरचा वास येत असेल तर १९०६.

यानंतर जे होतं ते नेहमीचं. गावातली पोरं जमतात, 'चला रे, गाडी ओढून काढू' म्हणतात. मदतीच्या भावनेनेच करतात बिचारी. पण आपलं घर चिऱ्याचं. पडवीचा खांब गेलेला असतो, वरचे वासे आणि कौलं त्या गाडीच्या टपावर टेकलेली असतात. गाडी ओढली की छप्पर खाली. आधी गवंड्याला बोलवा, टेकू लावू द्या, मग गाडी हलवा. आणि हलवण्याच्या आधी फोटो. गाडी घरात असताना, नंबर प्लेट दिसेल असा. मग लांबून, रस्ता आणि घर दोन्ही दिसतील असा. चाकांचे व्रण. मोडलेली शिलाई मशीन, फ्रिज, धान्याची कोठी, एकेकीचा वेगळा फोटो. व्हिडिओ काढत तारीख-वेळ तोंडाने बोला. गटातल्या कोणा मुलीला फोटो चांगले जमतात ते तुम्हाला माहीत असतंच, तिला उठवा, रात्र असली तरी.

दुसरी गोष्ट होते ती जास्त वाईट. गाडीमालक येतो, हात जोडतो, बरोबर गावातला एखादा वजनदार माणूस असतो. 'वहिनी, पोलिसांत नको, दहा हजार घ्या, मिटवून टाकू.' आपल्याला पण वाटतं, कशाला कोणाच्या पोटावर पाय. अहो, पण तक्रार केली म्हणून त्याचं घर बुडत नाही, पैसे द्यायला त्याची कंपनी आहे. आणि दहा हजारांच्या बदल्यात 'माझी काही तक्रार नाही' असा कागद लिहून दिलात, की पुढे भिंतीला तडा गेला तरी मागायला तोंड उरत नाही. मी मिटवू नका म्हणत नाही. इंजिनिअरने आकडा काढल्याशिवाय मिटवू नका म्हणते. आणि कोरा किंवा न वाचलेला कागद असेल तर मुळीच सही नाही, अंगठा तर नाहीच.

पोलीस ठाण्यात तक्रार लेखी द्या. गुन्हा नोंदला तर पहिल्या खबरीची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. घटनास्थळाचा पंचनामा मागा, त्यात फक्त 'घराचे नुकसान' असं मोघम नको. किती फूट भिंत, किती खांब, किती वासे, काय सामान, हे लिहून घ्या. गाडी कोणाची, विमा कोणत्या कंपनीचा, ही माहिती नुकसानग्रस्ताने मागितली तर पोलिसांनी किंवा आरटीओने द्यायची असते, कलम १६० मध्ये तसं आहे. फोनवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला तरी विम्याची मुदत दिसते. गाडी पळून गेली तर मात्र कठीण. पळून गेलेल्या गाडीसाठी सरकारची भरपाई आहे, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, पण घराला त्यात एक रुपया नाही. म्हणून काहीही करून नंबर टिपा.

नंतर विमा कंपनीला तुमचं पत्र जायला हवं. मालक कळवेल म्हणून थांबू नका. साधं मराठीत लिहा, तारीख, गाडी नंबर, काय नुकसान, सोबत फोटो, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. कंपनीचा सर्वेक्षक येईल तेव्हा तो बोलेल ते ऐकून घ्या, पण तुमच्याकडे तुमचं अंदाजपत्रक तयार पाहिजे. गवंड्याचा तोंडी आकडा चालत नाही. स्थापत्य अभियंत्याकडून सहीशिक्क्याचं करून घ्या. चिरे किती, सिमेंट किती, मजुरी किती, असं फोड करून.

दुरुस्तीला थांबायचं का? पावसाळ्यात ताडपत्री टाकायलाच हवी, टेकू लावायलाच हवेत, त्याला कोणाची परवानगी नको. उलट उघडं ठेवून नुकसान वाढवलंत तर कंपनी तेच दाखवेल. पण पूर्ण भिंत बांधायला घेण्याआधी पंचनामा आणि पाहणी होऊ द्या. मोडकं सामान भंगारवाल्याला देऊ नका, मांगरात ठेवा. आणि प्रत्येक खर्चाचं पक्कं बिल. गावात आपण वाळूवाल्याला, चिरेवाल्याला रोख देतो आणि मोकळे होतो. तसं नको. गवंड्याकडून पण रोजच्या मजुरीची सही घ्या. या मधल्या काळात गटातून कर्ज घ्यावं लागलं तर ठराव करून घ्या, कारण लिहा. तोही एक पुरावाच होतो.

कंपनी आणि मालक दोघेही ऐकेनात, तर जागा आहे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, जिल्हा न्यायालयात. गाडी केरळची असो की गुजरातची, तुम्हाला तिकडे जावं लागत नाही. अपघात जिथे झाला किंवा तुम्ही जिथे राहता तिथे दावा करता येतो. मुदत लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिने अशी मुदत घातली आहे. गणपती झाले की बघू, शिमगा झाला की बघू, असं करता करता सहा महिने जातात. माणूस गेला किंवा गंभीर जखमी झाला तर चूक कोणाची हे न बघता ठराविक रक्कम मिळायची सोय आहे, पण घराच्या नुकसानीला चालकाची चूक दाखवावी लागते. म्हणूनच मघाशी चाकांच्या व्रणांचे फोटो म्हटलं. शेजारी साक्षीला येतील त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

वकिलाच्या फीची भीती वाटते ना? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा, फोन १५१००. अशी बरीच प्रकरणं लोकअदालतीतही मिटतात, पण तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. आकडा पटला तरच हो म्हणा.

आता आपल्या कोकणातली खरी अडचण. घर कोणाच्या नावावर? मालमत्तेचा दावा मालकाने करायचा असतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढला तर त्यावर वारलेल्या सासऱ्यांचं नाव, नाहीतर मुंबईच्या मोठ्या दिरांचं. राहते कोण, सारवते कोण, घरपट्टी भरते कोण? तुम्ही. आणि भिंत पडली की चेक कोणाच्या नावे? अशा वेळी दिरांचं संमतीपत्र, मुखत्यारपत्र, वारसांच्या सह्या, यातच महिने जातात. नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावायचा सरकारी निर्णय २००३ पासूनचा आहे. अर्ज करा. सासऱ्यांचं नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. गाडी घुसायची वाट बघत बसू नका त्यासाठी. घर दुसऱ्याच्या नावावर असलं तरी आतलं सामान, तुमची मशीन, तुमची पापडाची भट्टी, ते तुमचं आहे, त्याची मागणी तुम्ही स्वतः करू शकता.

काही जणी म्हणतील, आपला तो वीस रुपयांचा विमा आहे की. तो सुरक्षा विमा माणसाच्या अपघाती मृत्यूचा आणि अपंगत्वाचा. घराचा नाही. घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे, सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावी लागते. आग, वादळ, पूर, दरड, आणि बाहेरून येऊन आदळणारं काहीही, गाडी असो की झाड. विमा बांधकामाच्या खर्चावर असतो, जमिनीच्या किमतीवर नाही. घराचा विमा घेतला की सामानालाही त्यात घराच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, आपोआप संरक्षण असतं. कुडाची भिंत किंवा गवती छप्पर असेल तर आधी नीट विचारून, लिहून घ्या. घराचं कर्ज काढलं असेल तर बँकेने विमा आधीच उतरवलेला असू शकतो, पासबुकात हप्ता कापलेला दिसतो का बघा. असा विमा असेल तर पैसे लवकर मिळण्याचा रस्ता तोच. मग गाडीवाल्याकडून वसुली तुमची कंपनी करते. एकाच भिंतीचे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत मात्र.

सभेत विचारलेले काही प्रश्न

गाडीला विमाच नसेल तर? तर मालक आणि चालक स्वतः देणं लागतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं आहे की अपघातातली विनाविमा गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये, यात मालमत्तेचं नुकसानही आलं. म्हणून गाडी ठाण्यातून सुटायच्या आत लेखी अर्ज द्या.

एसटी घुसली तर? तिथे विमा कंपनीच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका, मागणी महामंडळाकडे करायची. आगार व्यवस्थापकाला आणि विभाग नियंत्रकाला अर्ज.

गाडी आदळली नाही, पण तिच्यातल्या गॅसने नंतर आग लागली तर? १९८७ साली सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला आणि काही तासांनी स्फोट होऊन गावकरी दगावले. कंपनीचं म्हणणं होतं की हा गाडीचा अपघातच नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. तो गाडीच्या वापरातूनच झालेला अपघात, असं म्हटलं. तेव्हा कोणी 'आग वेगळी' म्हणालं तर हा निकाल वकिलांना आठवण करून द्या.

आमच्याच टेम्पोने रिव्हर्स घेताना आमचीच भिंत पाडली तर? (हशा) मालकाचं स्वतःचं घर थर्ड पार्टीत येत नाही. तिथे गृह विमा असेल तरच. बाकी टेम्पो चालवणाऱ्याचं काय करायचं ते घरात ठरवा.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने नमुना ८ ची प्रत आणि घरपट्टीची पावती आणायची आहे. ज्यांची नावं लागलेली नाहीत त्यांचे अर्ज तिथेच लिहून घेऊ, आणि हातखंब्याकडच्या ताईंनी उतारावर कठडा बसवण्याचा ग्रामसभेचा ठराव आणला तर महामार्ग विभागाला द्यायचं पत्रही त्याच दिवशी तयार करू.