पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून तिला दूर लोटू नका

आम्ही अंबाडीच्या बचत गटातल्या बाया.

कोरोनाच्या दिवसांत आमच्यातली एक जण बरी होऊन घरी आली. गोदामात कामावर परतायच्या आधी तिची पुन्हा तपासणी झाली, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह! काम गेलं. नळावर तिच्याजवळ कुणी उभं राहीना. आम्हीही मागे सरलो. त्याची आज लाज वाटते.

नंतर कळलं ते सांगतो. आरटीपीसीआर तपासणी विषाणूचे मेलेले तुकडेसुद्धा पकडते. भात कापून नेला तरी खाचरात खुंट उरतात ना, तसंच. दक्षिण कोरियात २०२० साली अशा २८५ जणांची चौकशी झाली. त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण झाल्याचं आढळलं नाही. आपल्याकडेही मे २०२० मध्ये नियम बदलला. आजार सौम्य असेल, लक्षणं दिसून १० दिवस झाले असतील आणि ३ दिवस ताप नसेल, तर पुन्हा तपासणी न करताच घरी सोडायचं ठरलं.

मात्र ज्यांचा आजार जोराचा होता, ज्यांचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत किंवा ज्यांचं मूत्रपिंड बदललं आहे, त्यांच्या अंगात जिवंत विषाणू जास्त दिवस राहू शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच लोकांत मिसळावं. बरं झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा ताप-खोकला आला, तर ती नवी लागणही असू शकते.

म्हणून रिपोर्टवरचा एक शब्द वाचून थांबू नका. तीन गोष्टी विचारा: आजार कधी झाला, आता त्रास आहे का, दुसरा मोठा आजार आहे का? आणि तिच्या दारात पाण्याचा हंडा नक्की पोचवा.