पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : पेशींचा बदललेला चयापचय



पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ अथवा प्रोस्टेट ग्रंथी म्हणतात. तिच्या विकारांविषयी आपल्याकडे संकोच फार. लघवीची धार मंदावली तरी ती वयाची खूण समजून घरातही सांगितली जात नाही. अशी तक्रार पुष्कळदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे असते हे खरे; परंतु तपासणीवाचून ते कळावे कसे?

कर्करोगाच्या अनेक पेशी प्राणवायू भरपूर असतानाही ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल बनवितात, असे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांना १९२० नंतरच्या दशकात आढळले. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आरंभी तरी या नियमात बसत नाही, कारण तिच्या निरोगी पेशींची रीतच निराळी आहे. त्या जस्ताचा मोठा साठा करतात. हे जस्त ॲकोनिटेज नावाच्या विकराला अडवून धरते. त्यामुळे इतर पेशी जे सायट्रिक आम्ल ऊर्जेसाठी खर्ची घालतात, ते येथे शिल्लक राहून वीर्यात मिसळते. स्वतःचे सरपण दुसऱ्यास देणारेच हे घर म्हणावयाचे!

कर्करोगात जस्त आत आणणाऱ्या ‘झिप-१’ या प्रथिनाचे जनुक मंदावते. साठा ओसरतो, विकर मोकळा होतो आणि पेशी ते आम्ल स्वतःच्या वाढीसाठी वापरू लागते. रोग बळावल्यावर, ‘पीटेन’सारखे वाढीस लगाम घालणारे जनुक गमावल्यावर, ग्लुकोजची भूकही वाढते. म्हणूनच किरणोत्सारी ग्लुकोज वापरून घेतलेल्या चित्रात आरंभीचा रोग पुष्कळदा नीट दिसत नाही.

मग जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात काय? त्यांनी हा रोग टळतो असे सिद्ध झालेले नाही. पूरक गोळ्यांबाबत एक अनुभव तर सावध करणारा आहे. अमेरिका व कॅनडात ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत नुसते ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिक्षकबंधूंना एक खुलासा. वर सांगितलेले बदल रोगट पेशींपुरते असतात. ते मुलांकडे जात नाहीत. वारशाने येणारा धोका वेगळा. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असल्यास तो सुमारे दुप्पट होतो. ‘बीआरसीए-२’ या जनुकातील दोष तर स्त्रियांत स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवितो आणि पुरुषांत या ग्रंथीच्या कर्करोगाचा. तेव्हा डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारल्यास वडिलांबरोबरच आई, मावशी आणि बहिणींची आजारपणेही सांगावीत.