सेक्टर ४३ची बस



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या आवारातील आठवणी सांगण्याचा प्रघात आहे. आजचे हे विचार मात्र शाळेच्या फाटकाबाहेर पडणाऱ्या वाटेविषयी आहेत. विषय आहे एकट्याने आणि थोडक्या पैशांत केलेल्या प्रवासाचा. त्यासाठी येथून फार दूरचे, पर्यटकांच्या यादीत सहसा नसलेले एक ठिकाण डोळ्यांसमोर आणावे लागेल. ते म्हणजे चंडीगडच्या सेक्टर ४३मधील बसस्थानक.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. त्या गरजेतून चंडीगड उभे राहिले. फ्रान्समध्ये कार्यरत असलेले वास्तुविशारद ल कॉर्बूझिए यांनी १९५१पासून त्याच्या आराखड्याचे काम हाती घेतले. साधारण बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद असे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिले गेले. मूळ आराखड्यात १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता. पण गंमत अशी की, समोरासमोरच्या काही सेक्टरांच्या बेरजा तेराच्या पाढ्यात येतात. १७ आणि २२ मिळून ३९, तर ३५ आणि ४३ मिळून ७८. जेथे पत्ता म्हणजे केवळ एक आकडा, अशा शहरात नवखा माणूसही सहसा वाट चुकत नाही.

वाट चुकण्याची पहिली संधी मिळते ती सेक्टर ४३च्या फलाटांवर. हरियाणा आणि दिल्लीच्या बस प्रामुख्याने सेक्टर १७च्या जुन्या स्थानकातून सुटतात. पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडे जाणाऱ्या सेक्टर ४३मधून. सिमला, मनाली, अमृतसर, जालंधर, पठाणकोट अशा आरोळ्या ठोकत वाहक फलाटावर उभे असतात.

समजा, महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावची, मराठी शाळेत शिकलेली बावीस-तेवीस वर्षांची एक पदवीधर मुलगी शयनयान डब्यातून दोन रात्रींचा प्रवास करून या स्थानकावर येऊन उभी राहिली आहे. पाठीवर एक पिशवी, हातात पाण्याची बाटली, खिशात जपून खर्च करायचे पैसे आणि एक लहानशी वही. हिमाचलच्या बसवरील पाट्या देवनागरीत असल्यामुळे तिला सहज वाचता येतात. शेजारच्या फलाटावर पंजाबची बस लागते आणि तिच्या कपाळावरील पाटीवर गुरुमुखी अक्षरे असतात. ‘ट’ आणि ‘ठ’ ओळखीचे वाटतात. ‘म’सारखे दिसणारे अक्षर वस्तुतः ‘स’ असते, हे तिला ठाऊक नसते. पंधरा-सोळा वर्षे शाळा-महाविद्यालयात काढलेली ती मुलगी त्या क्षणी निरक्षर होते.

हा क्षण लहान वाटला तरी त्याचे मोल मोठे आहे. प्रत्येक शाळेच्या पालकसभेला असे कोणी ना कोणी येते, ज्यांना प्रगतिपुस्तकावरील अक्षरे वाचता येत नाहीत आणि तसे सांगण्याचा संकोच वाटतो. शिकलेल्या माणसाला तो संकोच पुस्तकातून समजत नाही. अनोळखी लिपीच्या पाटीसमोर उभे राहून, ‘ही गाडी कुठे जाते?’ असे परक्याला विचारावे लागते, तेव्हा तो समजतो. सोबत कोणी असते तर प्रश्न सोबत्यानेच विचारला असता. पदरी भरपूर पैसा असता तर मोटार थेट दाराशी आली असती आणि प्रश्नच पडला नसता. एकटेपण आणि काटकसर या दोन गोष्टी मिळून माणसाला विचारायला शिकवतात.

विचारल्यावर उत्तर मिळते, हा या प्रवासातील दुसरा पाठ. फलाटावरील एखाद्या वृद्ध सरदारजींनी ‘बेटा’ म्हणून हाक मारावी, पुढे कोठे उतरायचे ते सांगावे आणि वाहकालाही बजावून ठेवावे, असे अनुभव त्या भागात हिंडलेले अनेक जण सांगतात. एकट्याचा प्रवास म्हणतात खरा. पण त्यात जितकी माणसे भेटतात, तितकी चाळीस जणांच्या सहलीत भेटत नाहीत. सहलीतला माणूस आपल्याच गावाला सोबत घेऊन फिरतो. त्याचे जेवण त्याचेच, त्याच्या गप्पा त्याच्याच आणि तक्रारीही त्याच्याच.

आता त्या न वाचता आलेल्या पाटीकडे पुन्हा वळू या. अमृतसरच्या वाटेवरून आत वळले की गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव लागते. मराठी माणसाला हे नाव परके राहिलेले नाही. एप्रिल २०१५मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, ते संत नामदेवांच्या वास्तव्यामुळे. पंढरीचा हा भक्त उत्तरायुष्यात पंजाबात गेला, तेथील लोकांत राहिला आणि तेथील लोकांना समजेल अशा भाषेत त्याने पदे रचली. त्यांतील ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. नामदेवांनी देह कोठे ठेवला, याविषयी पंढरपूरची परंपरा महाद्वाराच्या पायरीकडे बोट दाखवते, तर पंजाबची परंपरा घुमानकडे. एका माणसाला दोन प्रदेशांनी आपला म्हणावे, याहून मोठे यश कोणत्या प्रवाशाला मिळाले असेल?

गुरू ग्रंथसाहिबाची लिपी गुरुमुखी आहे. सेक्टर ४३च्या फलाटावर ज्या अक्षरांपुढे ती मराठी मुलगी थबकली, त्याच अक्षरांत तिच्याच पंढरीच्या नामदेवांचे शब्द शतकानुशतके जतन झाले आहेत. परके म्हणून ज्याच्याकडे पाहिले, त्याच्या पोटात आपलेच काही सांभाळून ठेवलेले होते. घरी बसून हे वाक्य वाचता येते. त्या पाटीपुढे अडल्यावाचून ते उमगत नाही.

थोडक्या पैशांतील प्रवासाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काटकसर आणि फुकटेपणा यांत अंतर आहे. पंजाबातील गुरुद्वारांत लंगर असतो. डोके झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून, पंगतीत जमिनीवर बसायचे आणि रोटी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची. वाढणारा जात विचारत नाही, गाव विचारत नाही, पैसेही विचारत नाही. हिशेबाच्या वहीत त्या दिवशी ‘जेवण: शून्य रुपये’ अशी नोंद करून पुढे निघून जाणे सोपे आहे. पण त्याच इमारतीत मागच्या बाजूला माणसे भांडी घासत असतात, लसूण सोलत असतात, लाद्या पुसत असतात. त्यांच्यात एखादा मोठा व्यापारीही असतो आणि एखादा शेतमजूरही. तेथे जाऊन घटकाभर हात लावणारा प्रवासी जेवणाची किंमत ओळखतो. न लावणाऱ्याला कोणी बोलत नाही; त्याच्या वहीतील शून्य मात्र शून्यच राहते.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. वारीच्या वाटेवर गावोगावी पंगती उठतात. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र त्यांत आरामात राहिले नाहीत. हाती खराटा घेऊन गावात शिरणारा तो संत आधी गाव झाडत असे आणि मग भाकरी मागत असे. कमी खर्चात प्रवास करू पाहणाऱ्या तरुणांना याहून नेमका नियम कोणी दिलेला नाही. जेथे जावे, तेथे आपल्या जाण्याने ओझे वाढू नये. जमल्यास थोडे हलके व्हावे.

दुसरा नियम वहीचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाच्या चिंतेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, एवढीच अपेक्षा होती. वाटेत त्यांना उठाव भेटला, झाशीचा वेढा भेटला, लुटारू भेटले. मिळवलेले द्रव्य हातचे गेले. पुढे जवळजवळ पाव शतकाने त्यांनी लिहिलेले ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले आणि तो काळ एका साध्या भिक्षुकाच्या डोळ्यांनी महाराष्ट्राला दिसला. गोडसे भटजींनी राजकारणाबरोबरच खाणेपिणे, भीती, दमणूक आणि माणसांचे बोलणे यांचीही आठवण ठेवली, म्हणून ते पुस्तक जिवंत आहे. आजच्या प्रवाशाच्या हाती दूरध्वनी आहे आणि त्यात हजार छायाचित्रे आहेत. तरीही रात्री दोन ओळी लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी नवे काही दिसते. आज कोणाशी बोललो, कशाची भीती वाटली, कोणाविषयीचा कोणता ग्रह खोटा ठरला, एवढे लिहिले तरी पुरे.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे यावे लागेल. ‘मुलगा गेला तर एक वेळ ठीक, मुलीला एकटीला कसे पाठवायचे?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. धोके खरे आहेत आणि ते मुलींच्या वाट्याला अधिक येतात. म्हणून तयारी हवी. नव्या गावी दिवसाउजेडी पोहोचावे. पहिल्या रात्रीचा मुक्काम आधी ठरवावा. बसचा क्रमांक घरी कळवावा. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत. जेथे मन कचरते, तेथून कारण न देता उठून निघावे. काटकसरीसाठी सुरक्षितता पणाला लावू नये. हे सारे शिकवता येते. पण मुलीला वीस वर्षे जपून ठेवले आणि एकविसाव्या वर्षी नोकरीसाठी परगावी धाडले, तर तिला हे कोणी शिकवायचे? न दिलेल्या सवयीची किंमत तिलाच मोजावी लागते.

मराठी स्त्रीला वाट परकी नाही. पंडिता रमाबाईंचे बालपण आईवडिलांसोबत तीर्थाटनात गेले. दुष्काळात आईवडील गेल्यावर त्या भावाबरोबर पायी हिंडत राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. हा प्रवास त्यांनी हौसेने निवडलेला नव्हता. परंतु पुढे १८८९मध्ये निराधार स्त्रियांसाठी शारदा सदन उघडणाऱ्या रमाबाईंनी स्त्रियांचे दुःख त्या पायवाटांवर पाहिले होते. अलीकडच्या काळात मीना प्रभू यांनी इराण, चीन, दक्षिण अमेरिका असे दूरचे मुलूख पाहिले, बरीचशी भ्रमंती एकटीने केली आणि त्यावर जाड ग्रंथ लिहिले. ते वाचून मराठी घरांतील किती स्त्रियांनी एकटीच्या प्रवासाचा विचार प्रथमच केला असेल!

चंडीगडमध्येच या विचाराला पुष्टी देणारी आणखी एक जागा आहे. फाळणीत आपले गाव सोडून आलेले नेकचंद या शहराच्या उभारणीत रस्ता निरीक्षक होते. कामाचे तास संपल्यावर, कोणाला न सांगता, त्यांनी फुटक्या बांगड्या, तुटकी कपबशी, टाकाऊ फरश्या जमवल्या आणि जंगलात मूर्ती घडवल्या. ते रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुले झाले. आखीव शहरात, एकट्या माणसाने, जवळपास बिनपैशांत केलेले ते काम आहे. सेक्टर ४३वरून रात्रीची बस पकडण्यापूर्वी ती मुलगी दुपारी तेथे जाऊन येईल, तर साधने थोडी असली की काम अडतेच, हा समज तिथेच सोडून परतेल.

अर्थात प्रत्येकाने चंडीगडलाच जायला हवे, असे नाही. सुरुवात गावच्या एसटी स्थानकावरूनही होते. राज्यात मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. या हीरक महोत्सवी वर्षात प्रत्येक पालकाने नववी-दहावीतील मुलाला वा मुलीला एकदा तरी आत्याच्या किंवा मामाच्या गावी एकट्याने जाऊ द्यावे. तिकीट त्याने स्वतः काढावे, फलाट स्वतः शोधावा, सुटे पैसे मोजून घ्यावेत आणि परतल्यावर वहीत दोन पाने लिहावीत. निरोप देताना आईचा जीव थोडा वरखाली होईल. तो व्हावाच. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी बोट सोडतानाही तो तसाच झाला होता, आणि त्या सोडलेल्या बोटापासूनच प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा आरंभ झाला.

देशोदेशी पसरलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. आपल्या गावच्या स्थानकावर पाटी वाचता न येणारा कोणी थबकलेला दिसला, तर त्याने विचारण्याची वाट न पाहता पुढे व्हावे. गाडी कुठे जाते, एवढेच सांगावे. साठ वर्षे या शाळेने अक्षरे शिकवली. दुसऱ्यासाठी ती वाचून दाखवणे, हे त्या शिकवणीचे साधे ऋण आहे.